समोरून घेतलेलं माप

२ फेब्रुवारी

खारूने आज ही वही हातात ठेवली. म्हणाली, "आजी, रोज थोडं लिहीत जा. काय केलंस, कोण आलं, काय बोललं. साधंच."

मी म्हटलं, "बाई गं, मी चौथी पास. तीसुद्धा मास्तरांना माझा कंटाळा आला म्हणून पास."

"मला पुस्तकात एक म्हातारी घालायचीय. तिच्या तोंडी तुझी भाषा हवी."

घ्या. अठ्ठावीस वर्षं हिच्यापुढे तोंडाचा पट्टा चालवला तो फुकट गेला. आता लेखी द्या.

खारू म्हणजे माझी नात. लहानपणी गालात खाऊ साठवून बसायची म्हणून खारूताई, त्याची झाली खारू. आता गालात नाही, कागदात साठवते. तीन वर्षांपूर्वी विमा कचेरीतली नोकरी सोडून, एक बॅग आणि एक संगणक घेऊन माझ्या दोन खोल्यांत आली आणि पुस्तकं लिहायला लागली. कसली, तर जादूची. नदी बोलते, राणी लोकांच्या सावल्या गोळा करते, आणि हे सगळं मोठ्या माणसांनी वाचायचं. प्रकाशक एक भेटला होता. तो म्हणाला, राणी जरा तरुण करा. हिने त्याला लांबून नमस्कार केला. तेव्हापासून स्वतःच लिहिते, स्वतःच छापून घेते, पाकिटं भरून टपालाच्या रांगेत स्वतःच उभी राहते.

दोन भाग झाले. तिसरा, शेवटचा, गेल्याच वर्षी यायचा होता. वाचणारे कावलेत. छापखानेवाल्याने बावीस मार्च दिलीय. ती चुकली तर पुढे तीन महिने त्याचं यंत्र शाळेच्या पुस्तकांना. आणि माझ्या मुलाने, म्हणजे हिच्या बापाने, हिच्याकडून कबूल करून घेतलंय की या खेपेला पुस्तक आलं नाही तर एक एप्रिलला मुकाट जुन्या खुर्चीत जाऊन बसायचं. खुर्ची म्हणे राखून ठेवलीय. विम्यावाले कशाचाही विमा उतरवतात.

५ फेब्रुवारी

आमची पद्धत लिहून ठेवते. पुढे कुणी म्हणायला नको की आजी नुसती बसून होती.

दुपारी चार वाजता ती कालचं लिहिलेलं वाचून दाखवते. मी शिवत बसते. डाव्या मनगटावर घड्याळ, उजव्या हातात कात्री, चाळीस वर्षं असंच. जिथे कंटाळा येतो किंवा खोटं वाटतं तिथे मी कात्री वाजवते. कच्च. ती तिथे पेन्सिलीने रेघ मारते. वाद घालायचा नाही हा नियम. उडता साप आला तरी माझी ना नाही. पण ओलं कांबळं खांद्यावर टाकून माणूस उड्या मारत डोंगर चढला की कच्च. ओलं कांबळं उचललंय का कधी?

दुसरं काम आठवणीचं. मी कामाला होते त्या शिंप्याच्या दुकानात मापं मालक वहीत लिहायचा, पण विचारायचा मला. पाचशे गिऱ्हाइकांचे खांदे माझ्या डोक्यात होते. खारूनेही तिच्या राज्याची एक वही केली होती. कुणाचं वय किती, कुठली जादू केली की काय गमवावं लागतं, सगळं. पहिल्या भागानंतर आमची पैज लागली. तिने चाळीस गोष्टी विचारल्या, मी चाळीस सांगितल्या. तीन ठिकाणी तिचीच वही चुकली होती. तेव्हापासून ती वही बंद. स्वतःचं छापलेलं पुस्तक तर ती उघडतच नाही, म्हणते प्रत्येक पानावर चूक दिसते. मग काय, कुठलंही अडलं की "आजी!"

आज विचारलं, "आजी, नावाड्याचा कुठला हात गेला गं?"

हा नावाडी पहिल्या भागातला. त्याच्या मुलीची सावली राणीने नेली. ती परत मिळावी म्हणून त्याने नदीत हात बुडवला. नदीने सावली दिली आणि हात ठेवून घेतला. तिथे मी कात्री वाजवली नव्हती.

सुईत दोरा ओवताना वर न बघता सांगितलं, "डावा."

"नक्की?"

"अगं, माझ्यासमोर उभाय तो. इथे, दिव्याखाली. रिकामी बाही लोंबतेय."

पेन्सिलीने लिहून घेतलं.

११ फेब्रुवारी

आज खारू घरभर नाचत होती. शेवट सापडला म्हणे. राणीच्या सावल्यांच्या कोठाराला एक दार. दारात हाताच्या आकाराचा खळगा. खळग्यात हात घातला की दार उघडतं, पण हात परत येत नाही. आणि खळगा नेमका उजव्या हाताचा. नावाड्याकडे तेवढा एकच उरलाय.

"मग तो घालतो?" मी विचारलं.

"घालतो."

"मग जेवतो कसा?"

"आजी!"

रडू आलं नाही, पण पंधरा मिनिटं एकच टाका घालत बसले होते. ते तिला सांगितलं नाही. आता नाव, दोर, झटापट, सगळी पुढची प्रकरणं या एका उजव्या हातावर उभी राहणार.

मुखपृष्ठाच्या चित्रकाराचा फोन आला तेव्हा ती अंघोळीला होती. मी घेतला. "आजी, नावाड्याचा हात कुठला नाही?" डावा, म्हटलं. "थँक्यू, तुम्ही आहात म्हणून बरंय." मी म्हटलं, ते मला माहितीये.

१९ फेब्रुवारी

खारूने चहाचं भांडं गॅसवर ठेवून जाळलं. काळं ठिक्कर. मी चांगलं सुनावलं, की डोक्यात राज्यं आहेत पण चहा नाही. ती ऐकून घेत होती. एक शब्द उलट बोलली नाही, हे तिच्या स्वभावात नाही. संध्याकाळी शिट्टी वाजणारी किटली घेऊन आली. म्हटलं, सुधारतेय.

खालच्या मजल्यावरच्या औषधवाल्याने नवीन कोट आणून दिला. काजं करायचीत. "हातानेच करा हं, यंत्राची नकोत," म्हणाला. यंत्राचं काज म्हणजे भिंतीला पाडलेलं भोक. दोन दिवसांत देते म्हटलं.

२७ फेब्रुवारी

मुलगा आला होता. खारू टेबलावर वाकून टाइप करत होती. मनगटाला पट्टा, कमरेला उशी, तोंडाने काहीतरी पुटपुटणं. बापाला हात केला आणि परत आत गेली. म्हणजे बसली तिथेच होती, पण आत गेली.

मुलगा स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "आई, तू तिला चढवू नकोस."

"चढवणं माझं काम नाही. मी उसवते."

"तिच्या वयाच्या मुलींची घरं झाली."

"तिचं अख्खं राज्य झालंय."

"सावल्यांचं!"

"तुझ्या कचेरीत कोण उन्हात बसलंय?"

त्याने माझ्याकडे जरा विचित्र बघत विचारलं, "तू बरी आहेस ना?" मी म्हटलं, तू येईपर्यंत होते.

तो गेल्यावर थोड्या वेळाने खारू त्याच्याशी फोनवर हळू आवाजात बोलत होती. मी कपडे घड्या करत होते. ऐकू आलं ते असं: "अजून नको, बाबा. बावीस तारीख होऊ दे. मग मीच घेऊन जाते."

काय घेऊन जाते? सामान असणार. म्हणजे हिने मनाने हार मानली. वर वर लढाई लिहितेय आणि आत बॅग भरतेय. चार वाजता वाचायला बसली तेव्हा मी मुद्दाम सात वेळा कात्री वाजवली. चांगल्या ओळींवरसुद्धा.

६ मार्च

तपासनीसबाईंना पहिली पंधरा प्रकरणं गेली. या बाई पैसे घेऊन चुका काढतात. मी आयुष्यभर फुकट काढल्या. बाईंनी फक्त तिसराच भाग पाहिलाय. आधीचे दोन वाचायला वेळ नाही म्हणे. खारू म्हणाली, "आधीचं सगळं आजीला पाठ आहे." मला बरं वाटलं. लिहून ठेवायला हरकत नाही, वही माझीच आहे.

औषधवाल्याचा कोट दिला. काजं पाहून स्वतःवरच खूश झाले. डोळे गेले तरी हात जात नाही.

१२ मार्च

संपलं. शेवटचं प्रकरण वाचलं तिने. नावाडी दारापाशी उभा राहतो, मुलीला म्हणतो, माझे बूट बांध, पुढे मला बांधता यायचे नाहीत. आणि मग हात घालतो. मी कात्री खाली ठेवली होती. सावल्या बाहेर पडतात, पाखरांसारख्या नाही, तिने छान लिहिलंय, कपडे वाळत घातलेली दोरी तुटल्यासारख्या.

झाल्यावर मी विचारलं, "म्हातारी कुठाय?"

"कुठली म्हातारी?"

"जिच्यासाठी मला रोज लिहायला लावलंयस ती."

खारूने कागद नीट लावले, मग परत लावले. म्हणाली, "ती पुढच्या पुस्तकात." मग म्हणाली, "तू लिहितेयस ना पण? रोज?"

लिहितेय म्हटलं. रोज नाही, पण लिहितेय.

१५ मार्च

औषधवाला कोट घेऊन वर आला. चेहरा पडलेला. म्हणाला, "आजी, राग मानू नका, पण काजं उजव्या बाजूला झालीत."

"मग?"

"ती बायकांची."

मी त्याला म्हटलं, पुरुषाचं काज डाव्या बाजूला आणि बाईचं उजव्या, हे तुझा बाप औषधं विकत होता तेव्हापासून मला माहितीये. त्याने कोट घालून दाखवला. बटणं भलत्या बाजूला येत होती. गरीब बिचारा आरशात बघितल्यासारखा उभा होता.

खारू टेबलावरून बघत होती. लगेच उठली, म्हणाली, "काका, मी बाहेरून दुरुस्त करून आणते." बाहेरून! या घरातला कोट बाहेरून!

चाळीस वर्षांत एक काज भलत्या बाजूला गेलं नव्हतं. दुकानात नवी मुलगी आली की मीच तिच्या उजव्या बाहीला लाल टाका घालायचे, समोरचं माणूस बघताना गोंधळ होऊ नये म्हणून. मापाला माणूस समोर उभा राहतो, त्याचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला येतो. सगळ्या नव्या मुली तिथेच फसतात. मी कधीच नाही.

कोट टेबलावर पसरून बसले. समोर ठेवला तसा तो माझ्याकडे बघत होता. त्याचा उजवा माझ्या डावीकडे.

आणि नावाडी माझ्या समोर उभा आहे.

१६ मार्च

खारू छापखान्यात कागदाचा नमुना बघायला गेली. मी पहिला भाग काढला. बारीक अक्षर, आणि मी एकेक शब्द बोट ठेवून वाचते. नदीचं प्रकरण काढून दहाला बसले. मध्ये किटलीने शिट्टी मारली तरी उठले नाही, ती ओरडून ओरडून गप्प झाली. दोन वाजता पान दोनशे अकरा.

"त्याने उजवा हात नदीत सोडला."

उजवा.

पुन्हा वाचलं. पुढच्या पानावर परत आहे, "उरलेल्या डाव्या हाताने वल्हं धरलं." म्हणजे छपाईची चूकही नव्हे.

पुस्तक शिवणयंत्राच्या खणात, गुंड्यांच्या डब्याखाली ठेवलं. खारू आली तेव्हा मी भाजी निवडत होते. म्हणाली, कागद सुरेख आहे, हातात घेऊन बघ. मी घेतला. सुरेख होता.

१७ मार्च

सांगितलं नाही.

१८ मार्च

आजही नाही. सगळं खरं लिहायचं तर हेही लिहिते: मला वाटलं, कोण बघतंय? वाचणारे दोन वर्षांपूर्वीचं थोडंच लक्षात ठेवतात? पण ठेवतात. मागच्या वेळी एका बाईने पत्र पाठवलं होतं की पान नव्वदवर घोडा काळा आणि शंभरवर तपकिरी. हे लोक घोड्याचा रंग धरून बसतात, हात कुठला सोडायला!

सांगितलं तर? बावीसला चार दिवस. अकरा प्रकरणं, शेवट, मुखपृष्ठ, सगळं त्या एका हातावर लोंबतंय. उजवा गेलेला असेल तर दार उघडणारच नाही. पुस्तकच नाही. पोर खुर्चीत.

आणि न सांगितलं तर पुस्तक निघेल, आणि मग हजारभर लोक तिला सांगतील. मी नाही.

आणखी एक. सांगितलं की ती पुन्हा कधी "आजी!" म्हणून हाक मारणार नाही. वही काढेल. हे लिहायला नको होतं. पण लिहिलं.

दुपारी ती स्वयंपाकघरात गाणं गुणगुणत होती. सहा महिन्यांनी गुणगुणली. मी तिला म्हटलं, बेसूर आहेस.

१९ मार्च

सांगितलं.

चार वाजता, वाचायचं काही उरलं नव्हतं तरी ती सवयीने समोर येऊन बसली. मी खणातून पुस्तक काढून पान दोनशे अकरा उघडलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. "तिसरी ओळ."

वाचलं. परत वाचलं. चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मी पहिल्यांदा पाहिलं, पुस्तकात वाचलं होतं तेव्हा कात्री वाजवली होती.

"तू डावा म्हणालीस."

"म्हणाले."

"मी विचारलं होतं, नक्की का."

"विचारलं होतंस."

"तुला कधी कळलं?"

"सोळाला."

"आजी! तीन दिवस!" उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. "तीन दिवस मी कागद हुंगत फिरतेय आणि तू... मी बघायला हवं होतं. माझंच पुस्तक. मीच बघायला हवं होतं." मग खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "संपलं. एकोणीस तारीख आहे. काय करू, नदीने त्याला हात बदलून दिला म्हणू?"

मी म्हटलं, ते मी कापेन.

हसली नाही. मला काहीतरी बोलायचं होतं. माफी वगैरे मला जमत नाही, लहानपणी शिकवली नाही आणि नंतर गरज पडली नाही. म्हणून मी टेप घेतली. म्हटलं, "ऊठ. उभी राहा. चूक कशी झाली ते तरी बघ."

उभी राहिली, रागाने, पण राहिली. मी समोर उभी राहून तिच्या खांद्याला टेप लावली. "हा तुझा उजवा. माझ्या कुठल्या बाजूला आला? डाव्या. नावाडी मला असा समोरून दिसतो. चाळीस वर्षं समोरच्याला डोक्यात फिरवून घेत होते. या वेळी फिरवायचा राहिला. वेंधळेपणा नाही तो, धंदा आहे."

शेवटचं वाक्य मलाच पटलं नाही. पण खारू माझ्याकडे बघतच राहिली. माझ्याकडे म्हणजे टेपकडे.

"आजी, खळगा कुणी कोरला?"

"कुठला खळगा?"

"दारातला. राणीनेच ना? तिला वाटलं, असं कुलूप करावं जे कधीच उघडणार नाही. म्हणून तिने तो गेलेल्या हाताचा कोरला. उजव्याचा. जो हात जगात नाहीच. पण तिने माप घेतलं कसं? नावाडी समोर उभा होता."

मी टेप खाली सोडली.

"तिने समोरून माप घेतलं," खारू म्हणाली. "आणि कोरला डावा. जो त्याच्याकडे आहे."

"राणी एवढी बावळट? तीन भाग कधी चुकली नाही ती."

"म्हणून तर. चाळीस वर्षं तिला कुणी तपासलंच नाही, आजी. सगळे तिला नुसतं विचारत होते."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच लागलं. मला लागलं नाही. खरं होतं. मी कात्री उचलली, पण वाजवली नाही.

२० मार्च

सकाळी सातपासून बसलोय. मला वाटलं होतं, संगणकाला सांगायचं की डावं ते उजवं कर. तसं नसतं. डावीकडचा डोंगर डावीकडेच राहायला हवा, राणीचं डावं कानातलं तसंच हवं. एकेक शब्द बघावा लागतो. ती स्क्रीनवर शोधते, मी कागदावर लाल पेन्सिलीने गोल करते. दोनशे सदतीस गोल झाले.

आणि नुसते शब्द नाहीत. उजवा हात नसलेला माणूस नुसत्या डाव्याने गाठ कशी मारतो? मी खारूचा उजवा हात टेपने पाठीला बांधला आणि समोर नाडा ठेवला. "मार." वीस मिनिटं घामाघूम. शेवटी दात लावले. म्हटलं, आता लिही, त्याने दात लावले. ती म्हणाली, "दोन वर्षं मी खोटी गाठ लिहीत होते." बुटांची ओळ मी तिला काढू दिली नाही.

चित्रकाराला फोन केला. तो हसला आणि म्हणाला, चित्र उलटं करतो, एक मिनिट. एका मिनिटात डाव्याचं उजवं, नाव दुसऱ्या दिशेला निघाली, झालं. सगळ्याच गोष्टी अशा फिरवता आल्या असत्या तर.

२१ मार्च

खळग्याचा प्रसंग नवा लिहिला. राणीला दार उघडल्यावर कळतं. ती रागावत नाही. खळग्याकडे बघते आणि स्वतःचे दोन्ही हात समोर धरून ताडून बघते, कुठला कुठला. खारू वाचताना थांबली तिथे. मी म्हटलं, पुढे वाच, मी ठीक आहे.

काही कापलं नाही. एक ओळ सोडून. "राणीच्या डोळ्यांत पाणी आलं." कच्च.

२२ मार्च

बाराला छापखान्यात गेलं. छापखानेवाला म्हणाला, शेवटच्या क्षणी आलात. खारू म्हणाली, आम्ही लांबून आलोय.

४ एप्रिल

पुस्तकं आली. जमिनीवर, पलंगावर, शिवणयंत्रावर गठ्ठे. कोऱ्या पुस्तकाला खळीचा वास येतो, नव्या कापडासारखा. खुर्ची विम्यावाल्यांनी दुसऱ्या कुणाला दिली. मुलगा आला, पाकिटांना चिकटपट्टी लावत बसला, तीन तास. जाताना एक प्रत कोटाच्या आत घालून घेऊन गेला. मला वाटलं होतं तो वाचत नाही.

खारूने पहिल्या दोन भागांची पुस्तकं टेबलावर ठेवलीत, उघडी. जुनी वहीही काढलीय. म्हणाली, "तूही सांग. पण मीही बघते." मी म्हटलं, बघ.

९ एप्रिल

आज खारू मला डॉक्टरणीकडे घेऊन गेली. मला वाटलं तिचं मनगट दाखवायचंय. आत गेल्यावर खुर्चीत मलाच बसवलं. फोनवर काय घेऊन जाते म्हणत होती ते तेव्हा कळलं. सामान नव्हे. मी.

डॉक्टरीण चांगली होती, नखं स्वच्छ. पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने विचारले. मी चार सांगितले. तिलाही पाचवा आठवत नसणार, कागदात बघून विचारत होती. मग म्हणाली, "आजी, उजवा हात वर करा." मी केला, घड्याळ कोपराकडे घसरलं. खारू खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक भिंत.

डॉक्टरीण समोरच बसली होती. समोरासमोर होतं कधी कधी. तरी तिने बराच वेळ लिहिलं.

ही वही खारूने तिला दाखवली. म्हणजे म्हातारी पुढच्या पुस्तकातही नव्हती. मी खारूला रस्त्यात विचारलं, "फसवलंस ना मला?" म्हणाली, "हो." माझीच नात. सरळ उत्तर देते.

मग म्हणाली, "पण आता घालणार आहे तिला. खरंच." मी म्हटलं, घाल, पण शहाणी करू नकोस. पुस्तकातल्या सगळ्या म्हाताऱ्या शहाण्या असतात, वैताग येतो.

१० एप्रिल

सकाळी लाल दोरा काढला. दुकानात नव्या मुलींना घालायचे तसा टाका आज स्वतःच्याच उजव्या बाहीला घातला, मनगटापाशी, दुहेरी. बारीक आला. हाताला अजून सांगावं लागत नाही.

पक्का बसलाय. फक्त घड्याळाच्या पट्ट्यात सारखा अडकतोय. चार वाजता खारू आली की तिला बघायला सांगते.